जिओजेब्रावर भूमिती शिकवताना क्रम कुठे चुकतो

प्रोजेक्टर लावला, त्रिकोण काढला, तीनही कोन मोजले, एक शिरोबिंदू धरून इकडेतिकडे फिरवला आणि म्हटलं, "बघा, बेरीज १८० च येतेय ना?" पोरं म्हणाली हो. तास संपला. हे मी स्वतः दोन वर्षं केलंय, आणि नंतर पेपरात "का?" विचारलं तर एकाने सरळ लिहिलं, "कारण कॉम्प्युटरवर तसं येतं." त्याला मार्क द्यायला हवे होते खरं तर, कारण मी त्याला तेवढंच दाखवलं होतं.

बरेच जण हीच चूक करतात म्हणून हे सगळं लिहून काढतोय. उदाहरणं जिओजेब्राची आहेत, म्हणजे भूमितीच्या आकृत्या काढून ओढून बघायच्या सॉफ्टवेअरची, कारण ते फुकट मिळतं, मोबाइलवरही चालतं आणि कॉम्प्युटरवर टाकून ठेवलं की नेट लागत नाही. दुसरं कुठलं सॉफ्टवेअर असेल तर बटणं वेगळ्या जागी असतील, क्रम हाच ठेवा. मुलं साधारण १३ ते १६ वयाची धरली आहेत.

टप्पा १: आदल्या दिवशीची तयारी

आधी एक प्रश्न ठरवा. धडा नाही, प्रश्न. "आज परिकेंद्र (त्रिकोणाच्या तीनही शिरोबिंदूंपासून सारख्या अंतरावरचा बिंदू) करू" हा प्रश्न नाही, "तीन बिंदूंपासून सारख्या अंतरावर असलेली जागा कुठे असेल, आणि ती नेहमी सापडेल का?" हा प्रश्न आहे. तासाला एकच. दोन घेतले तर दुसरा घाईत उरकला जातो, आणि उरकलेली भूमिती कुणाच्या लक्षात राहत नाही.

मग सेटिंग. यात पाच मिनिटं जातात पण न केल्यास तासातली वीस जातात.

अक्ष आणि ग्रिड बंद करा. ग्रिड चालू असेल तर बिंदू आपोआप ग्रिडच्या फुल्यांना चिकटतात, त्यामुळे प्रत्येकाचा त्रिकोण नकळत समद्विभुज किंवा काटकोन निघतो आणि पोरांना वाटतं सगळे त्रिकोण असेच.

दशांश स्थळं बघून घ्या. समजा खरे कोन ६१.२७, ५८.३६ आणि ६०.३७ आहेत, बेरीज बरोबर १८०. पण एकच दशांश स्थळ ठेवलं तर स्क्रीनवर ६१.३, ५८.४, ६०.४ दिसेल आणि कुणीतरी हुशार पोरगी हात वर करून सांगेल की सर १८०.१ येतंय. हे छान आहे, त्यावर दहा मिनिटं बोलता येतं, पण तुम्हाला ते आधी माहीत असायला हवं, तिथे गडबडून "सॉफ्टवेअरची चूक आहे" म्हणालात तर पुढचा सगळा विश्वास गेला.

कोन मोजायचं टूल आधी स्वतः वापरून बघा. तीन बिंदूंवर क्लिक करायचं, मधला शिरोबिंदू, आणि माप घड्याळाच्या उलट्या दिशेने घेतलं जातं. क्रम उलटा झाला की ६० ऐवजी ३०० दिसतं. सेटिंगमध्ये कोन ० ते १८० मध्येच ठेवायचा पर्याय आहे, त्रिकोणांसाठी तो लावून टाका. अंतर्वक्र (एक कोपरा आत वळलेला) चौकोन करायचा असेल त्या दिवशी मात्र आठवणीने काढा, नाहीतर आतला मोठा कोन लहान दाखवला जाईल आणि बेरीज ३६० येणार नाही.

शेवटचं म्हणजे टूलबार छाटा. क्लासिक आवृत्तीत टूल्सच्या मेनूमध्ये टूलबार बदलायची सोय आहे. लंबदुभाजक (रेषाखंडाच्या मध्यातून काटकोनात जाणारी रेषा) शिकवायचा असेल आणि "लंबदुभाजक" नावाचं तयार बटण समोर असेल तर कोण कंपास लावत बसणार? त्या दिवसापुरतं ते बटण काढून टाका, आठवडाभराने परत द्या, बक्षीस म्हणून.

तपासा: कोरी फाइल उघडून उद्याची पूर्ण रचना तुम्ही स्वतः एकदा हाताने करा. जिथे तुम्ही अडकाल तिथेच अर्धा वर्ग अडकणार आहे.

टप्पा २: आधी चौरस मोडा

सॉफ्टवेअर पहिल्यांदा हातात देताय तर टूल्सची ओळख करून देत बसू नका, हे टूल रेषेचं, हे वर्तुळाचं, कुणी ऐकत नाही. थेट सांगा, चौरस काढा.

बहुतेक जण चार रेषाखंड डोळ्यांच्या अंदाजाने जोडतील. छान दिसतो. आता शेजाऱ्याला सांगा, बाणाचं टूल घे आणि याच्या चौरसाचा एक कोपरा ओढ. चौरस लगेच वाकडा होतो आणि वर्गात हशा पिकतो. इथे दोन शब्द द्या आणि वर्षभर तेच वापरा: ओढल्यावर मोडतं ते चित्र, ओढल्यावर टिकते ती रचना.

मग रचना करायची.

१. रेषाखंड एबी काढा.
२. ए मधून आणि बी मधून एबीला लंब रेषा काढा.
३. ए केंद्र घेऊन बी मधून जाणारं वर्तुळ काढा.
४. ते वर्तुळ ए वरच्या लंबाला जिथे छेदतं तो बिंदू डी. छेदनबिंदूचंच टूल वापरा.
५. डी मधून एबीला समांतर रेषा काढा, ती बी वरच्या लंबाला छेदते तिथे सी.
६. बहुभुजाकृतीच्या टूलने ए, बी, सी, डी जोडा, मग मदतीच्या रेषा आणि वर्तुळ लपवा.

सावध: लपवा म्हणजे लपवा, डिलीट नाही. ते वर्तुळ डिलीट केलं की डी जातो, डी गेला की सी जातो, सी गेला की चौरस जातो, आणि पोरगं घाबरून तुमच्याकडे बघतं. कंट्रोल झेड दाबायला शिकवा आणि त्याच क्षणी विचारा, एक वर्तुळ पुसलं तर एवढं सगळं का गेलं? कोण कोणावर अवलंबून आहे हे कळणं म्हणजे अर्धी सिद्धता लिहिता येण्यासारखंच आहे.

दुसरी नेहमीची चूक चौथ्या पायरीत होते. छेदनबिंदूवर नुसता डोळ्याने बिंदू ठेवला जातो, जवळून बघितलं तर तो थोडा बाजूला असतो. ओळखायची खूण रंग आहे. मोकळा बिंदू निळा असतो, एखाद्या रेषेवर किंवा वर्तुळावर सरकणारा फिकट निळा, आणि पूर्ण बांधलेला बिंदू काळा. चौरसात निळे बिंदू फक्त दोन हवेत, ए आणि बी. तिसरा निळा दिसला की कुठेतरी अंदाजपंचे झालंय. वर्गात फिरताना मी आकृती बघतच नाही, निळे ठिपके मोजत जातो, एका नजरेत कळतं.

टप्पा ३: अंदाज कागदावर, माउसला हात लावायच्या आधी

हा टप्पा सगळे गाळतात आणि माझ्या मते सगळ्यात जास्त शिकणं इथेच होतं.

सॉफ्टवेअरची अडचण अशी की ते उत्तर फार लवकर देतं. पोराने विचार करायच्या आत स्क्रीनवर उत्तर हललेलं असतं, आणि मग "हो, मला माहीतच होतं" असं त्याला प्रामाणिकपणे वाटतं. म्हणून ओढायच्या आधी प्रत्येकाने वहीत पेनाने लिहायचं: काय होईल असं वाटतं, आणि का. पेन्सिल नको, खोडतात.

प्रश्न असा हवा की ज्यात चुकायला वाव आहे. "त्रिकोणाच्या बाजूंचे तिन्ही लंबदुभाजक एका बिंदूत मिळतात का?" असं विचारलं तर सगळे हो म्हणतात, कारण तुम्ही विचारलंय म्हणजे मिळतच असणार. त्यापेक्षा "त्रिकोण एबीसीचा सी बिंदू लांब ओढून कोन सी खूप लहान केला तर परिकेंद्र कुठे जाईल, आणि कोन सी ९० च्या वर नेला तर?" इथे मतं फुटतात. मतं फुटली की मग ओढायला मजा आहे.

टप्पा ४: रचना, परिकेंद्राचा एक पूर्ण तास

१. तीन मोकळे बिंदू ए, बी, सी घेऊन त्रिकोण. मुद्दाम वेडावाकडा, तिन्ही बाजू उघड उघड वेगळ्या.

२. एबीचा लंबदुभाजक कंपासने: ए केंद्र आणि बी मधून जाणारं वर्तुळ, मग बी केंद्र आणि ए मधून जाणारं वर्तुळ, दोन छेदनबिंदू, त्यातून रेषा. इथली ठरलेली चूक म्हणजे दुसरं वर्तुळ बी केंद्र घेऊन कुठेही रिकाम्या जागी क्लिक करून काढणं. दिसायला सारखं दिसतं पण त्रिज्या सारखी बांधलेली नाही, ओढल्याबरोबर रेषा एबीच्या मध्यातून सटकते. त्यांना सटकू द्या, मग दुरुस्त करायला लावा.

३. बीसीचा लंबदुभाजक तसाच.

४. या दोन रेषांचा छेदनबिंदू घ्या, नाव ओ. तिसरी रेषा काढायच्या आधीच. हा क्रम महत्त्वाचा आहे, दोन कारणांनी. एक तर तिन्ही रेषा काढून झाल्यावर त्या गर्दीत क्लिक केलं की नेमक्या कुठल्या दोघींचा छेद घेतला हे कळत नाही. आणि दुसरं, खरा प्रश्न तर हाच आहे की तिसरी रेषा या दोघींच्या छेदातून जाईल की नाही, तर ती आधीच आखून झाल्यावर विचारून काय उपयोग?

५. थांबा. हात वर करून मत घ्या. मग तिसरा लंबदुभाजक काढा.

६. ओ केंद्र घेऊन ए मधून वर्तुळ. बी आणि सी त्यावर येतात का बघा.

तपासा: निळे बिंदू तीनच. ए ओढा, बी ओढा, सी ओढा, प्रत्येक वेळी वर्तुळ तिन्हीतून जायला हवं. ओ ओढायचा प्रयत्न करा, तो हलता कामा नये. हलला तर पायरी ४ परत.

मदतीची वर्तुळं इथे लपवा, नाहीतर स्क्रीन कोळ्याच्या जाळ्यासारखी दिसते.

टप्पा ५: ओढणं, पण कामाला लावून

"ओढून बघा" एवढंच सांगितलं तर पोरं दोन मिनिटं गरागरा फिरवतात, त्रिकोणाची चिंधी करतात आणि कंटाळतात. ओढायला हेतू द्या. मी तीन प्रकारची ओढ सांगतो.

पहिली, शोधत ओढणं. ओ बरोबर एखाद्या बाजूवर येईल असा सी शोधा. सापडला की कोन मोजा. सगळ्यांचा ९० च्या आसपास येतो आणि ओ कर्णाच्या मध्यावर असतो. बरोबर ९० येत नाही, ८९.८ वगैरे येतं, हाताने ओढताना तेवढंच जमतं, हे सांगून टाका.

दुसरी, टोकापर्यंत ओढणं. सी हळूहळू एबी रेषेवर आणा. ओ लांब लांब पळत जातो, स्क्रीनबाहेर जातो आणि तीनही बिंदू एका रेषेत आले की नाहीसाच होतो. हे का झालं हे पोरांना सांगू नका, दोन लंबदुभाजकांकडे बघायला सांगा. समांतर झालेत. टप्पा १ मधल्या प्रश्नाचा दुसरा भाग, "नेहमी सापडेल का?", त्याचं उत्तर इथे त्यांच्याच हातून निघतं.

तिसरी, माग ठेवत ओढणं. ओ वर राइट क्लिक करून त्याचा माग चालू करा, म्हणजे तो जिथून जाईल तिथे ठिपके उमटतात. ए, बी हलवायचे नाहीत, फक्त सी वाट्टेल तसा फिरवायचा. आधी वहीत अंदाज: ओ चा माग कसा दिसेल? माझ्याकडे वर्तुळ, अंडाकृती, "काहीतरी वेलबुट्टी" असले अंदाज येतात. प्रत्यक्षात एक सरळ रेषा उमटते. पहिल्यांदा बघताना मलाही क्षणभर खटका बसला होता, आणि मग हसू आलं, कारण ओ एबीच्या लंबदुभाजकावरच बांधलाय, जाणार कुठे!

सावध: प्रोजेक्टर एकच असेल तर माउस तुमच्या हातात ठेवू नका. एका पोराला पुढे बोलवा, बाकीच्यांनी त्याला तोंडी सूचना द्यायच्या आणि "तो वरचा जरा तिकडे ने" चालणार नाही, "सी ला एबीपासून लांब ने" असंच बोलायचं. कॉम्प्युटर असतील तर जोड्या करा, एकाकडे माउस, दुसऱ्याकडे वही, दर दहा मिनिटांनी अदलाबदल. अदलाबदल घड्याळ लावून करा, आपण होऊन कुणी माउस सोडत नाही. मोबाइलवर बोटाखाली बिंदूच झाकला जातो, तेव्हा बिंदूंचा आकार मोठा करून घ्या.

टप्पा ६: स्क्रीन बंद, आता "का"

अक्षरशः बंद करा. स्क्रीन चालू असली की डोळे तिकडेच जातात.

पोरं इथे म्हणतात, एवढ्या वेळा ओढलं, दर वेळी जमलं, आता सिद्ध काय करायचं? त्यांच्या बाजूने बघितलं तर रास्त आहे. "अजून एखादा त्रिकोण असेल जिथे जमणार नाही" असं भीती घालून उपयोग होत नाही, त्यांना पटत नाही. मी उलटं विचारतो: खरं आहे हे कळलं, पण तिसऱ्या रेषेला कुणी सांगितलं की इथूनच जा? आपण तर दोघींचाच छेद घेतला होता.

मग फळ्यावर तीन ओळी. ओ एबीच्या लंबदुभाजकावर, म्हणून ओए बरोबर ओबी. ओ बीसीच्या लंबदुभाजकावर, म्हणून ओबी बरोबर ओसी. म्हणून ओए बरोबर ओसी, म्हणजे ओ ला एसीच्या लंबदुभाजकावर असावंच लागतं. टप्पा ४ मध्ये क्रम पाळला असेल तर ही सिद्धता म्हणजे त्यांनी हाताने केलेल्या पायऱ्याच शब्दात आहेत, फार समजावावं लागत नाही. जिओजेब्रात रचनेच्या पायऱ्यांची क्रमवार यादी दाखवायची सोय आहे, ज्यांना सुरुवात सुचत नाही त्यांना ती यादी समोर ठेवून प्रत्येक ओळीपुढे "म्हणून काय सारखं झालं?" एवढंच लिहायला सांगा.

लंबदुभाजकावरचा बिंदू दोन्ही टोकांपासून सारख्या अंतरावर असतो हे आधी शिकवलं नसेल तर मात्र हा तास आज घेऊच नका, आधी ते.

टप्पा ७: कळलंय का ते बघायचं तर बहुरूपी चौकोन द्या

पुढच्या तासाला हे करा. एका फाइलमध्ये चार आकृत्या बनवा, चारही उघडल्या उघडल्या चौरस दिसतील अशा, पण आतून वेगळ्या बांधलेल्या: एक खरा चौरस, एक आयत, एक समभुज चौकोन, एक समांतरभुज. मदतीच्या रेषा लपवा आणि सगळे बिंदू एकाच रंगाचे करा, नाहीतर निळे ठिपके मोजून उत्तर काढतील (काढतातच, मी शिकवलंय ना). काम एवढंच: ओढून ओळखा कोण कोण आहे आणि कशावरून ते लिहा.

यातून एक जुनं दुखणं बरं होतं. "चौरस हा आयत असतो" हे पोरांना पाठ असतं पण पटलेलं नसतं. इथे त्यांना दिसतं की आयताला ओढून चौरस करता येतो, खऱ्या चौरसाला ओढून लांबुळका आयत करता येत नाही. चौरस हा जास्त बांधलेला आयत आहे. हे वाक्य एका मुलीने वर्गात म्हटलं होतं, मी तेव्हापासून तेच वापरतो.

एकरूपतेच्या कसोट्या चालू असतील तर अजून एक फाइल: एबी ८ एकक, ए पाशी ४० अंशांचा कोन करणारा किरण, आणि बी केंद्र घेऊन वर्तुळ, त्याची त्रिज्या स्लायडरवर (सरकवून आकडा बदलायची पट्टी). त्रिज्या ६ असताना वर्तुळ किरणाला दोन ठिकाणी छेदतं, म्हणजे त्याच मापांचे दोन वेगळे त्रिकोण, आणि दोन बाजू व समाविष्ट नसलेला कोन ही कसोटी का चालत नाही ते तिथेच दिसतं. ५ केली तर वर्तुळ किरणापर्यंत पोचतच नाही. स्लायडरची पायरी ०.१ ठेवा आणि विचारा, ५.१ ला शून्य त्रिकोण, ५.२ ला दोन, मग मध्ये एकच त्रिकोण देणारी जागा आहे का? आहे, साधारण ५.१४ ला, स्लायडर तिच्यावरून उडी मारून जातो, आणि तिथला त्रिकोण कसला असतो ते त्यांना कागदावर काढू द्या.

फाइल सेव्ह करताना नावात जोडीची नावं आणि तारीख टाकायला लावा. मी एकदा विसरलो होतो आणि घरी जाऊन बघतो तर एकाच नावाच्या ढीगभर फाइली, सगळ्यांचं नाव "चौरस", त्यातले निम्मे ओढल्यावर मोडणारे, आणि कुणाचे ते कळायला काही मार्ग नाही.